थोरली गेली

जे दिसत नाही ते चालू नाही, असं अगदी मनापासून मानणारा माणूस या पृथ्वीतलावर एकच आहे आणि माझ्या कर्माने तो माझा साडू आहे. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा. हे नातंच मुळात विचित्र. धड भाऊ नाही, धड मित्र नाही. एकाच सासूच्या मुलाखतीत पास झालेले दोन उमेदवार, एवढाच काय तो संबंध. असे साडू लोकांना लग्नकार्यात भेटतात, पंगतीत शेजारी बसतात, जिलेबीचा आग्रह करतात आणि आपापल्या घरी जातात. माझे साडू मला रोज भेटत. कारण भांडुपच्या ज्या पतपेढीत मी मॅनेजर आहे, तिथला सर्व्हर ते सांभाळत. मुलुंड, नाहूर, वाकोला, सगळ्या शाखांचा कारभार त्या एका सर्व्हरवर. आणि त्यांना तिथे चिकटवलं कोणी? मीच. त्यांची आधीची नोकरी सुटली तेव्हा बायकोने माझ्या कानाशी इतकी भुणभुण लावली की शेवटी मी अध्यक्षांकडे शब्द टाकला. तेव्हापासून साडूंनी केलेल्या प्रत्येक गोष्टीचं बिल माझ्या नावावर फाटतं.

तर हे दिसण्याचं प्रकरण. सासूबाईंच्या इमारतीच्या गच्चीवर टाकी आहे. साडूंनी हौसेने तिच्यात पाण्याची पातळी मोजणारं यंत्र बसवलं आणि टाकी भरली की सगळ्या नातेवाइकांच्या ग्रुपवर आपोआप मेसेज जाईल अशी सोय केली. वाकोल्याच्या मावशीला आणि कुडाळच्या काकांना भांडुपची टाकी भरल्याचं कळून काय करायचं होतं ते देव जाणे. एकदा टाकी भरून वाहायला लागली, पाणी जिन्यावरून दारापर्यंत आलं. सासूबाईंनी फोन केला तेव्हा साडू माझ्या समोरच बसले होते. त्यांनी मोबाईलवर पाहिलं आणि शांतपणे म्हणाले, "नाही आई, अर्धीच आहे." पलीकडून मालवणीत जे आलं ते मला टेबलाच्या या बाजूला ऐकू आलं. "जावयबापू, माझे पाय भिजले! नि तुमी माका काय सांगतास अर्धी?" साडू म्हणाले, "पाय भिजले असतील, पण टाकी अर्धी आहे." एकदा त्यांना सणकून ताप आला. अंग तव्यासारखं भाजत होतं, पण थर्मामीटरचा सेल गेलेला. नवा सेल येईपर्यंत या गृहस्थांनी आपल्याला ताप आहे हे कबूल केलं नाही. सेल आला, आकडा दिसला, आणि मग कुठे ते "आई गं" म्हणून आडवे झाले.

ऑफिसातली त्यांची खोली म्हणजे पूर्वीची चहाची मोरी. तिथे एक सर्व्हर, एक एसी, एक खुर्ची आणि एक स्क्रीन. खोलीत शिरायचं तर चपला बाहेर. कोणीही असो. खुद्द अध्यक्ष एकदा पाहणीला आले तर त्यांनाही "साहेब, बूट" म्हणाले. अध्यक्षांनी बूट काढले आणि त्यांच्या फाटक्या मोज्यातून अंगठा बाहेर आला. सगळा स्टाफ बघत होता. बाकी कोणीही नजर दुसरीकडे वळवली असती, साडू म्हणाले, "मोजे बदला साहेब, एसीत गारठा लागतो." त्या दिवसापासून अध्यक्षांच्या मनात साडूंविषयी जे बसलं ते बसलंच. मी किती वेळा सांगितलं, अहो, जरा माणसं बघून बोलत जा. तर म्हणतात, "माणूस बघूनच बोललो. अंगठा स्पष्ट दिसत होता."

त्या खोलीतल्या प्रत्येक वस्तूला त्यांनी नाव ठेवलेलं. सर्व्हरवर नजर ठेवणारा जो प्रोग्राम असतो, कुठली लाईन चालू, कुठली बंद, किती माहिती येते-जाते याचा ग्राफ काढणारा, त्याला ते राखणदार म्हणत. आमच्या कोकणात गावाच्या वेशीवर जो बसतो आणि गावाला सांभाळतो तो राखणदार. राखणदाराला ते वर्षातून एकदा नारळही ठेवत. सर्व्हरमध्ये दोन नेटवर्क कार्डं होती. बाहेरून येणारी वायर ज्यात खुपसतात ती. एक कार्ड रोजच्या कामाचं, त्याचं नाव थोरली. दुसरं राखीव, अडीअडचणीला ठेवलेलं, त्यात वायरसुद्धा नव्हती. त्याचं नाव धाकटी. आता आमच्या सासरी दोन्ही बहिणींना लहानपणापासून थोरली आणि धाकटी म्हणतात, माझी ती थोरली आणि त्यांची ती धाकटी. मी म्हटलं, अहो, जगात दुसरी नावं नाहीत का? तर म्हणाले, "नाव घरचं असलं की माया लागते." काही बिघडलं की राखणदार माझ्या मोबाईलवर मेसेज पाठवी, आणि तेही साडूंच्या भाषेत. 'प्रिंटर रुसला.' 'मुलुंड झोपलं.' 'वाकोला गेलं.' मी कोणाच्या बारशाला बसलेलो असायचो आणि खिशात वाकोला जायचं. शेजारचे विचारायचे, काय झालं हो, कोण गेलं?

असा सगळा सुखाचा संसार चालला असताना सर्व्हरची ऑपरेटिंग सिस्टिम फार जुनी झाली म्हणून ती बदलायचं ठरलं. शनिवारी काउंटर बंद झाल्यावर साडूंनी काम काढलं. आधी गाऱ्हाणं घातलं. हो, गाऱ्हाणं! खोलीच्या दारात नारळ ठेवून, आम्हा सगळ्यांना अनवाणी उभं करून. "बा राखणदारा म्हाराजा! आज तुझी लेकरा ह्या जुना काढून नवा घालतत. काय चुकला माकला तर पदरात घे, नि डेटा होतो तसोच ठेव रे म्हाराजा!" आणि आम्ही सगळ्यांनी, वसुली विभागापासून शिपायापर्यंत, "व्हय म्हाराजा!" मीही म्हटलं. न म्हणून करतो काय. आणि खरं सांगायचं तर काम झकास झालं. डेटा होता तसा राहिला, शाखा जोडल्या गेल्या, सोमवारी काउंटर उघडलं, पासबुकं छापली जाऊ लागली. मी सुटकेचा श्वास सोडला आणि चहा मागवला. चहा यायच्या आत साडू आले. चेहरा पांढराफटक.

"साडूभाऊ, थोरली बंद आहे."

मी काचेतून बाहेर पाहिलं. रांग सरकत होती. "अहो, कामं चालली आहेत की."

"ग्राफवर शून्य आहे. सपाट रेघ."

"पण पासबुक छापलं जातंय ना?"

"छापलं जातंय. कसं छापलं जातंय ते मला सांगा."

"मला काय विचारता? लाईन चालू असल्याशिवाय छापलं जाईल का?"

"मग ग्राफवर का दिसत नाही?"

"तुमचा ग्राफ बिघडला असेल!"

हे वाक्य मी बोलायला नको होतं. साडूंनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी त्यांच्या कुलदैवताला मटका लावणारा म्हटलं. "राखणदार खोटं बोलत नाही," एवढंच म्हणाले आणि बाहेर गेले. मला वाटलं, रागावून गेले, बरं झालं. कसलं काय! ते सरळ काउंटरवर गेले आणि रांगेतल्या लोकांना सांगायला लागले की लाईन बंद आहे, काम थांबवा. एका पेन्शनर बाईच्या हातात नुकतंच छापलेलं पासबुक होतं. तिने ते त्यांच्या नाकासमोर धरलं. "ओ, हे काय मग? माझ्या हातात काय भुताने छापून दिलं?" साडू तिला म्हणाले, "तेच तपासायचंय." नेमके त्याच वेळी अध्यक्ष दारातून आत आले. चालू असलेलं काम बंद पाडणारा माणूस त्यांनी आपल्या डोळ्यांनी पाहिला, आणि मोज्याचा सगळा हिशेब त्यांना त्या क्षणी चुकता करता आला. सगळ्यांसमोर म्हणाले, "पुढच्या सोमवारी संचालक मंडळाची सभा आहे. बाहेरची कंपनी सर्व्हर सांभाळायला तयारच आहे. तोवर याचं नीट कारण सांगता आलं तर सांगा, नाहीतर तुमची रजा."

आता इथे गंमत संपते. साडूंनी पन्नाशी ओलांडलेली. या वयात, एकाच जुन्या सर्व्हरवर आयुष्य काढलेल्या आणि वरिष्ठांना मोजे बदला म्हणणाऱ्या माणसाला दुसरं कोण ठेवून घेणार? मुलीचं कॉलेज चालू. घरात धाकटी मालवणी मसाला करून विकते, पण त्यावर घर चालतं असं साडूंनी कधी कोणाला म्हटलेलं मी ऐकलं नव्हतं. माझ्या घरात तर सोमवारपासूनच सुतक आल्यासारखं वातावरण. बायको म्हणाली, "भाऊजींची नोकरी गेली तर मी आईला तोंड कसं दाखवू?" जणू मीच ग्राफ सपाट केला होता.

तो आठवडा माझ्या शत्रूच्याही वाट्याला येऊ नये. साडूंनी थोरलीची वायर बदलली. शून्य. भिंतीतली वायर उकरून नवी टाकली. शून्य. भिंतीचा गिलावा माझ्या केबिनमध्ये. राखणदार काढून परत घातला. शून्य, आणि वर त्याचे मेसेजही बंद झाले. जेवणाची सुट्टी नाही, चहा नाही. मी एकदा समजूत काढायला गेलो, चपला बाहेर काढून. म्हटलं, "तुम्ही सभेत एवढंच सांगा, काम सगळं चालू आहे, फक्त ग्राफ दिसत नाही. बस. कोणाला काय पडलंय ग्राफचं?" तर माझ्याकडे न बघता म्हणाले, "साडूभाऊ, मी न बघता कशाला चालू म्हणू? उद्या खरंच बंद पडलं तर कोणाला कळणार?" वर मलाच विचारतात, "तुमचं हृदय चालू आहे म्हणता, ते तुम्ही कधी बघितलंय का?" मी म्हटलं, "नाही, आणि तुमच्यामुळे ते बंद पडायची वेळ आलीय!" असा वैताग. मी कपाळावर हात मारला आणि चपला घालून निघून आलो.

रविवार उजाडला. मी आंघोळीला गेलो होतो. बायको स्वयंपाकघरात बोंबील साफ करत बसली होती. आंघोळ करून बाहेर आलो तर माझा फोन टेबलावर थरथरत होता आणि तिचाही. मी घरच्या ग्रुपवर पाहिलं तर नुसत्या फुलांच्या माळा आणि जोडलेले हात. 'भावपूर्ण श्रद्धांजली.' 'ईश्वर मृतात्म्यास शांती देवो.' कुडाळच्या काकांनी लिहिलेलं, 'विश्वास बसत नाही, परवाच बोललो होतो.' हे काका आमच्याशी बोलले त्याला जमाना लोटला. मला वाटलं, गेलं कोणीतरी म्हातारंकोतारं. बोट वर सरकवत गेलो आणि सगळ्यात वर साडूंच्या नंबरावरून आलेला मेसेज दिसला.

'थोरली गेली.'

मी स्वयंपाकघरात पाहिलं. थोरली पाटावर बसली होती, हातात बोंबील. "कोणाचा फोन वाजतोय मघापासून? घ्या ना, माझे हात भरलेत," ती म्हणाली. मी म्हटलं, "तुझ्याच मरणाचे फोन आहेत." काय झालं ते माझ्या ध्यानात आलं होतं. हा शहाणा रविवारी ऑफिसात जाऊन राखणदाराचे मेसेज नव्याने जोडत बसला होता आणि माझ्या नंबराऐवजी याने टाकीचाच ग्रुप जोडून दिला होता. तेवढ्यात ग्रुपवर पुढचा मेसेज आला. 'थोरली अजून आलेली नाही.' बायको म्हणाली, "लिहा, मी जिवंत आहे." मी लिहिलं. लगेच खाली राखणदार, 'थोरली गेली. खात्री करून घ्या.' वाकोल्याच्या मावशीने विचारलं, 'कधी नेणार? मी रिक्षात बसले.' मी साडूंना फोन लावतोय, लावतोय, उचलतील तर शपथ. त्यांचा फोन मेसेज पाठवण्यासाठी सर्व्हरला जोडलेला, आवाज बंद करून.

दाराची बेल वाजली. दारात सासूबाई, तोंडाला पदर, आणि त्यांना धरून धाकटी, रडून रडून डोळे सुजलेले. समोर थोरली उभी. सासूबाईंनी तिला डोक्यापासून पायापर्यंत चाचपलं. "जिती आसस गो बाय?" मग मिठी, मग हुंदके, बोंबलाचे हात सगळ्यांच्या साड्यांना. आणि मग रडणं जे थांबलं ते एकदम रागात. सासूबाई म्हणाल्या, "खंय आसा तो?" आम्ही सगळे एका रिक्षात कोंबून भांडुपला निघालो. मी रिक्षावाल्याच्या शेजारी अर्धा बाहेर लटकत.

साडू त्यांच्या खुर्चीत स्क्रीनला नाक लावून बसले होते. पावलं वाजली तसे मान न वळवता म्हणाले, "चपला बाहेर."

"मेल्या!" सासूबाई गरजल्या. जावयाला मेल्या म्हणायची त्यांची आयुष्यातली ती पहिलीच वेळ असावी, पण कुठे अडखळल्या नाहीत. "माझ्या चेडवाक जितेपणी मारलंस? थोरली हय उभी आसा, मगे गेला ता कोण?"

साडूंनी वळून पाहिलं. थोरली, धाकटी, सासूबाई आणि मी, सगळे चपलांसकट आत. मी मोबाईल त्यांच्यापुढे धरला. श्रद्धांजल्या वाचता वाचता त्यांचा जबडा खाली आला. माझ्या बायकोपुढे हात जोडून म्हणाले, "ताई, माफ करा. चुकून झालं. पण थोरली शून्यच दाखवतेय हो."

"मी शून्य?" बायको म्हणाली.

"थोरली थोरली काय लावल्यात?" सासूबाई म्हणाल्या. "ही धाकटी रडान रडान अर्धी झाली, तिच्याकडे बघलास काय?"

"माझ्याकडे कधी बघितलंय यांनी, आई?" धाकटी आतापर्यंत गप्प होती, ती एकदम फुटली. "यांच्या त्या ग्राफवर धाकटी आहे तरी का विचार."

साडूंना वाटलं, खरोखरच ग्राफबद्दल विचारतेय. म्हणाले, "नाही. धाकटीला ग्राफवर कशाला लावायचं? तिला काम कुठे आहे?"

मी मनात म्हटलं, संपला हा माणूस. नोकरी उद्या जाईल, घर आजच गेलं.

"काम नाही?" धाकटी म्हणाली. "मिरच्या भाजून भाजून माझा घसा गेला, काम नाही? तुमची आधीची नोकरी सुटली तेव्हा घर कोणी ओढलं? मुलीची फी कुठून आली? सगळ्यांना वाटलं, साठवलेलं असेल. मी मसाला कुटत होते! तुम्ही समोर बसून टाकी भरली का बघत होता. मी करते ते दिसत नाही म्हणजे मी काही करतच नाही, होय?"

साडू तिच्याकडे बघत राहिले. असे बघत राहिले की मला वाटलं, आता हा रडणार. ओठ हलत होते. "काम धाकटी करते," ते पुटपुटले. "आणि दिसत नाही." आणि गर्रकन वळून की-बोर्डवर तुटून पडले. मी ओरडलो, "अहो, बायको रडतेय तुमची!" त्यांनी ऐकलंच नाही. काहीतरी टाइप केलं, दुसऱ्या नंबराचं कार्ड ग्राफवर लावलं आणि खुर्ची मागे सरकवली. रविवार असला तरी शाखांमधल्या कॅमेऱ्यांचं चित्र सर्व्हरवर येतच असतं. सपाट रेघेच्या खाली दुसरी रेघ उमटली आणि डोंगर चढावा तशी चढत गेली.

झालं होतं एवढंच. राखणदार कार्डांना नावाने नाही, नंबराने ओळखत होता. पहिला नंबर थोरली, दुसरा धाकटी. नवी सिस्टिम आली, तिने कार्डं आपल्या मर्जीने मोजली आणि नंबरांची अदलाबदल झाली. वायर होती तिथेच होती, काम होत होतं तसंच होत होतं, पण राखणदार ज्या कार्डाला थोरली समजून पाहत होता ते रिकामं होतं. आणि जे दिवसभर राबत होतं त्याच्यावर धाकटी असा शिक्का, म्हणून आठवडाभर या माणसाने त्याच्याकडे ढुंकूनही पाहिलं नव्हतं. साडूंनी नंबर दुरुस्त केले. ग्रुपवर आपोआप मेसेज गेला, 'थोरली आली.' त्याखाली कुडाळच्या काकांनी लिहिलं, 'रामेश्वराची कृपा.' आम्ही नाहूरला आमच्या घरी परतलो तर वाकोल्याची मावशी जिन्यात रडत बसली होती. ती बोंबील जेवून गेली.

सोमवारी सभेआधी मी साडूंना जिन्यात गाठलं. म्हटलं, "हे बघा, एकच वाक्य बोलायचं. नव्या सिस्टिममुळे नंबर बदलले, आता दुरुस्त केलंय. पुढे एक अक्षर नाही." ते बरं म्हणाले. मलाही खरं वाटलं, मूर्खासारखं. सभेत सगळे संचालक, कोपऱ्यात बाहेरच्या कंपनीचा इस्त्रीतला माणूस. साडूंनी कारण सांगितलं, छान सांगितलं. अध्यक्षसुद्धा जरा नरमलेले दिसले. म्हणाले, "म्हणजे चूक मशीनची म्हणायची."

मी टेबलाखालून पाय मारला. चांगला जोरात मारला.

"नाही," साडू म्हणाले. "मशीनची काही चूक नाही. चूक माझी. सगळं काम धाकटी करत होती आणि मी थोरलीकडे बघत बसलो होतो."

संचालकांनी एकमेकांकडे पाहिलं. एक वयस्कर संचालक माझ्याकडे वाकून कुजबुजले, "घरातल्या भानगडी इथे कशाला काढतोय हा?" अध्यक्षांनी घसा साफ केला. मशीनला माफ करायला ते तयार होते. माणसाने स्वतःहून चूक कबूल केली म्हटल्यावर त्यांचं काम सोपं झालं. ठराव झाला. महिनाअखेर साडूंनी सर्व्हर स्वतःच्या हाताने बंद केला, खोली झाडली आणि चपला घालून निघून गेले.

आता सगळं त्या कंपनीकडे आहे. सर्व्हर कुठे असतो ते आम्हाला ठाऊक नाही. मध्यंतरी एका दुपारी सगळ्या शाखा ठप्प झाल्या, रांग बाहेर रस्त्यावर गेली, तेव्हा मी कंपनीला फोन केला. एक मुलगी फार गोड आवाजात म्हणाली, "सर, आमच्याकडे तर सगळं हिरवं दिसतंय." मी ओरडायला तोंड उघडलं, पण ओरडायचं कोणावर? तिथून तसाच उठलो आणि भांडुपच्या टेकडीवर साडूंचं घर आहे तिथे गेलो. ते दारात बसून मसाल्याच्या पिशव्या वजन करून बांधत होते. आत धाकटी कुटत होती. मी झालेला प्रकार सांगितला, शिव्या घातल्या, पाणी प्यायलो. मग राहवेना. म्हटलं, "एक वाक्य. नुसतं हो म्हटलं असतंत, मशीनची चूक, तर आज खुर्चीत असतात. काय गरज होती?"

साडूंनी पिशवीची गाठ मारली. "मशीनची चूक म्हटलं असतं तर प्रश्न मिटला असता, साडूभाऊ. पण मग धाकटीने केलं, हे कोणी म्हटलं असतं?"

"कुठल्या धाकटीने?" मी विचारलं.

त्यांनी दुसरी पिशवी काट्यावर ठेवली. आतला कुटण्याचा आवाज थांबला होता. थोड्या वेळाने धाकटी चहा घेऊन बाहेर आली, आधी त्यांच्या हातात कप दिला आणि मग माझ्या. मी चहा घेतला आणि निघालो. असा माणूस मला ऑफिसात पुन्हा मिळायचा नाही, हे टेकडी उतरता उतरता मला पटलं, आणि पटलं म्हणून आणखीच राग आला.